आवळ्याची कुळकथा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने चार ओळी तरी लिहून द्याव्यात, असा आपल्या अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. कोणी कविता देणार, कोणी विणकामाचे नमुने, कोणी प्रवासवर्णन. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा फार मोठ्या विषयाच्या वाटेला न जाता, रोज हाताळणीतला विषय निवडला आहे. तो म्हणजे आवळा. तुरट आवळ्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पण या एवढ्याशा फळाच्या मागे राजे, ऋषी, खलाशी, शास्त्रज्ञ आणि आपल्यासारख्या संसारी बायका अशी मोठी रांग उभी आहे.

आपल्या भागातील गावांची नावे पाहा. चिंच आणि वड यांवरून चिंचवड झाले असे जुनी माणसे सांगतात. पलीकडे पिंपळे आहे, चऱ्होलीकडे वडमुखवाडी आहे. म्हणजे इथल्या लोकांनी गावाची ओळख झाडावरून ठेवली होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची मदत त्याला होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली, पुढे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. आपल्या घरांतील चुली याच कारखान्यांवर पेटल्या, हे विसरून चालणार नाही. परंतु परसातली झाडे मात्र या धामधुमीत एकेक करून गेली. चिंच आणि वड निदान नावात उरले. आवळ्याच्या नशिबी तेही आले नाही. म्हणून त्याची कुळकथा सांगणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत आवळ्याला ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात. खरी गूजबेरी हे युरोपातल्या थंड मुलुखातील काटेरी झुडुपाचे फळ. तिचे आणि आवळ्याचे काहीच नाते नाही. साहेबाला आवळा दिसायला तिच्यासारखा वाटला, म्हणून त्याने ते नाव दिले. रायआवळा मात्र आवळ्याच्या नात्यातला आहे. आवळ्याला संस्कृतात आमलकी म्हणतात आणि दुसरे नाव धात्री. धात्री म्हणजे दाई, बाळाला पाजणारी, सांभाळणारी. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याने आईच्या मायेने या झाडाकडे पाहिले असले पाहिजे.

आयुर्वेदात आवळ्याचा मान फार जुना. चरकसंहितेत वय टिकवून धरणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला पहिले स्थान दिलेले आहे. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. त्याच चरकसंहितेत च्यवनप्राशाची कृती आहे आणि तिच्यात आवळे मोजून पाचशे घ्यायला सांगितले आहेत. च्यवन ऋषी म्हातारे व जर्जर झाले होते, या अवलेहाने त्यांना पुन्हा तारुण्य आले अशी कथा. महाभारतात हीच कथा थोडी निराळी आहे. तिथे अश्विनीकुमारांबरोबर सरोवरात स्नान केल्यावर च्यवन तरुण होतात. दोन्हीकडे ऋषींचे नाव राहिले. पण या कथेत सुकन्या नावाची एक राजकन्या आहे. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लागले तरी तिने त्याची सेवा केली आणि परीक्षेच्या वेळी ती डगमगली नाही. बरणीवर च्यवनाचे नाव येते, सुकन्येचे येत नाही. सेवा करणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुधा असेच येते. तरी पुढच्या वेळी च्यवनप्राशाचा चमचा तोंडात घालताना तिचीही आठवण करावी.

पूर्वी च्यवनप्राश वैद्य आपल्या घरी करीत, किंवा जाणती मंडळी वैद्याच्या देखरेखीखाली करवून घेत. आपल्या महाराष्ट्रात १८७२ साली पनवेलला धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. १९४९ साली डाबर कंपनीने च्यवनप्राश तयार डब्यांतून बाजारात आणला. आता तो किराणा दुकानात मिळतो. सोय झाली हे खरे, पण त्यात साखर पुष्कळ असते. मधुमेहाच्या माणसाने तो औषध समजून मनसोक्त खाऊ नये.

इतिहासातली एक गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. सम्राट अशोकाच्या आयुष्याच्या अखेरीस त्याच्या हाती सत्ता उरली नव्हती. दानधर्मात खजिना रिकामा होईल म्हणून प्रधानांनी त्याचे हात बांधले होते. तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काय उरले, तर अर्धा आवळा. तोच त्याने पाटलीपुत्राच्या कुक्कुटाराम विहारातील भिक्षुसंघाला शेवटचे दान म्हणून पाठविला. ही कथा ‘अशोकावदान’ या बौद्ध ग्रंथात आहे. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानेही त्या आवळ्याच्या नावाच्या स्तूपाची हकीकत लिहून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि शेवटी मुठीत अर्धा आवळा!

दुसरी कथा गरीब बाईची. आद्य शंकराचार्य लहानपणी भिक्षेला एका दारी गेले. घरात देण्यासारखे काहीच नव्हते. त्या माउलीने शोधशोधून एक आवळा आणून झोळीत घातला. तेव्हा शंकराचार्यांनी लक्ष्मीची प्रार्थना केली आणि अंगणात सोन्याच्या आवळ्यांचा पाऊस पडला, अशी कनकधारा स्तोत्राची आख्यायिका आहे. आणि तिसरी तमिळ देशातली. अदियमान नावाच्या राजाला दीर्घायुष्य देणारा एक दुर्मिळ आवळा मिळाला. तो त्याने स्वतः न खाता औवैयार या कवयित्रीला दिला. राजापेक्षा कवयित्रीने अधिक जगावे असे त्याला वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या तमिळ काव्यात याचा उल्लेख आहे. एका बाईच्या बुद्धीची एवढी किंमत करणारा राजा आपल्याला ठाऊक असावा.

देवळाच्या शिखराकडे पाहिले तरी आवळा दिसतो. उत्तरेकडील नागर पद्धतीच्या देवळांत कळसाच्या खाली गोल, चपटा, फोडी पाडल्यासारखा जो दगड असतो, त्याला शिल्पशास्त्रात आमलक म्हणतात. आवळा हातात घेऊन वरून पाहावा, म्हणजे त्याच्या फिक्या रेषांवरून आकार ध्यानात येतो. भाषेतही तो आहेच. एखादी गोष्ट स्पष्ट कळली की हस्तामलकवत् म्हणतात, म्हणजे तळहातावरच्या आवळ्यासारखी. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक आपण रोज पाहतो. आणि आवळ्याची मोट बांधता येत नाही, हे आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षी पुष्कळांनी आपल्याला ऐकविले होते!

आता सणावारांकडे येऊ. तुळशीच्या लग्नात वृंदावनात ऊस रोवतो आणि चिंचा-आवळे ठेवतो. कार्तिक शुद्ध नवमीला आवळ्याची पूजा करतात. फाल्गुन शुद्ध एकादशीचे तर नावच आमलकी एकादशी. आणि कार्तिकातले आवळी भोजन! माझ्या सासूबाई चाकणजवळच्या खेड्यातल्या. त्यांच्या लहानपणी गावातल्या बायका डबे बांधून आवळीखाली जेवायला जात. आधी झाडाची पूजा, मग भाकरी, पिठले, ठेचा, आणि वर आवळ्याचे लोणचे. घरातल्या सुनांना मोकळ्या हवेत बसून आयते जेवण मिळण्याचा वर्षातला तो एकच दिवस, असे त्या हसून सांगत. धर्माने बाईला घराबाहेर काढायला झाड शोधले, म्हणायचे. रविवारी आवळा खाऊ नये, असेही जुन्या बायका सांगत. पण ऐन हंगामात, शरीराला गरज असते त्या दिवसांत आवळा घरात यावा, याची व्यवस्था या सणांनी केली होती.

ही गरज कशाची, हे पश्चिमेकडच्या लोकांना फार किंमत मोजून कळले. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. त्या सफरीत हिरड्या सुजणे, दात हलणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे अशा रोगाने त्याचे पुष्कळ खलाशी दगावले. हाच स्कर्व्ही रोग. महिनोन्‌महिने ताजी फळे व भाजी न मिळाल्याने तो होतो. नवल असे की, परतीच्या प्रवासात ज्या देशाचा किनारा सोडून ती माणसे समुद्रात मरत गेली, त्याच देशातल्या रानांत आवळा पिकत होता. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमाराच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांना दोघादोघांच्या जोडीने निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरीही सगळ्या आरमाराला लिंबाचा रस मिळायला १७९५ साल उजाडले. शहाणपण कळणे आणि वळणे यांत जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

लिंबात असे काय आहे, ते विसाव्या शतकात कळले. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली एक द्रव्य वेगळे काढले. पुढे तेच ‘क’ जीवनसत्त्व ठरले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे निलगिरीत कुन्नूर येथे पोषण संशोधनाची प्रयोगशाळा होती. तिचे संचालक डॉ. आयक्रॉईड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांतील पोषक द्रव्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९३६ साली मद्रासच्या दामोदरन व नायर या संशोधकांनी दाखविले की, आवळ्यातील तुरट द्रव्य ‘क’ जीवनसत्त्वाचे रक्षण करते. आवळा वाळवला तरी त्याचा गुण अगदीच जात नाही, या घरगुती अनुभवाला त्यातून शास्त्राचा आधार मिळाला. १९३९-४० साली हिस्सारकडे मोठा दुष्काळ पडला आणि लोकांना स्कर्व्ही झाला, तेव्हा आवळा देऊन त्यांच्यावर उपचार केले गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी आवळ्याच्या गोळ्याही तयार झाल्या. धात्रीने आपले नाव असे सार्थ केले.

आता हिशेब पाहू. जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलेले असे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात हा आकडा सुमारे २५० आहे. म्हणून एका आवळ्यात वीस संत्र्यांचे बळ असते, असे जे सांगतात ते अतिशयोक्तीचे समजावे. वजनाला वजन घेतले तर संत्र्याच्या पाच-सहा पट एवढे धरावे, आणि तेही काही थोडे नाही. प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागते, गरोदरपणी ८०, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. आवळ्याचा गर तीस ग्रॅम धरला तर त्यात पंचाहत्तर मिलिग्रॅम येते. म्हणजे एका बाईची एका दिवसाची गरज एका मध्यम आवळ्यात भागते. हे जीवनसत्त्व शरीरात फार साठून राहत नाही, म्हणून एके दिवशी दहा खाण्यापेक्षा रोज एक खावा.

हे सारे मी का वाचीत बसले, तेही सांगते. गेल्या वर्षी मी रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघाले. बाईचे ते निदान बारा असावे लागते. जिना चढताना धाप लागते, ते वयामुळे असे मी समजत होते. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा घेऊ नका, काहीतरी आंबट फळ घ्या. घरी येऊन शेजारणींना सांगितले, तर दोघींचे रक्त माझ्याहूनही कमी! २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे आपल्या हळदीकुंकवाला शंभर जणी जमल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींच्या कपाळावर कुंकू आहे, पण अंगात पुरेसे रक्त नाही.

आवळा इथे उपयोगी पडतो तो असा. बाजरी, पालेभाजी, कडधान्य यांत लोह असते, पण ते शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. ‘क’ जीवनसत्त्व जोडीला असले की ते शोषणे सुलभ होते. चहातली तुरट द्रव्ये उलट काम करतात. आवळाही तुरट आहे, मग त्याचे काय, अशी शंका मला आली होती. लोखंडी कढईत आवळा घातला की काळा पडतो, ती त्या तुरट द्रव्याची आणि लोखंडाची करामत. परंतु २००१ साली म्हैसूरकडील संशोधकांनी धान्ये व कडधान्ये यांच्याबरोबर आवळा घालून तपासले, तेव्हा लोह मिळण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हा शंकेचे कारण नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. आवळ्यात स्वतः लोह फार नसते. नुसता आवळा खाऊन रक्त वाढत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात आणि आवळ्याला त्यांचा सोबती करावे. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर रोजचा आवळा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

थोडे पाककृतीविषयी, कारण बायकांच्या स्मरणिकेत त्याशिवाय लेख पुरा होत नाही. ताजा आवळा मीठ लावून खाणे सर्वांत गुणकारी. वर पाणी प्यायले की तोंड गोड होते, म्हणून मुलेही खातात. किसून जेवणात कोशिंबिरीसारखा घ्यावा, किंवा ओल्या खोबऱ्याबरोबर चटणी वाटावी. शिजवताना जीवनसत्त्व कमी होते, म्हणून मोरावळा गुणाला कमी पडतो आणि साखरेने जड होतो. तो आवडीचा पदार्थ म्हणून चमचाभर घ्यावा. आवळकाठी आणि आवळासुपारी कडक उन्हाऐवजी सावलीत वाळवली तर गुण अधिक टिकतो. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आवळा कधीही ठेवू नये. लोणचे काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीतच घालावे.

आवळा मिळण्याची अडचण आता राहिलेली नाही. पूर्वी भीमाशंकरच्या बाजूच्या रानातला बारीक आवळा तेवढा येई. १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमीतून फळबागांना मदत सुरू केली, तिच्यात आवळाही होता. माळरानावर, थोड्या पाण्यावर येणारे हे झाड. आता कार्तिकापासून माघापर्यंत मोठे कलमी आवळे मंडईत ढिगाने असतात आणि पेरू-सफरचंदाच्या मानाने स्वस्तही पडतात. तरी आपल्या पिशवीत ते क्वचित येतात. घरच्या पुरुषाच्या पाळीचा डबा, मुलांचा डबा, आता पुष्कळ सुना चाकणच्या कारखान्यांत पाळीला जातात त्यांचा डबा, हे सगळे भरून झाल्यावर बाई उभ्याउभ्या चहा-चपाती खाते. तिचा आवळा कोण आणणार? तिचा तिनेच आणला पाहिजे.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, येत्या कार्तिकात आपण आवळी भोजन पुन्हा सुरू करावे. निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा जिथे परवानगी मिळेल तिथे डबे घेऊन जावे, आणि त्याच दिवशी सर्व भगिनींचे रक्त तपासण्याची व्यवस्था करावी. दुसरी, आपल्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत आवळ्याची दोन कलमे लावावीत. दोनच का, तर निरनिराळ्या जातींची दोन झाडे जवळ असली की फळ चांगले धरते. कलमाला चार-पाच वर्षांत फळ येऊ लागते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालणे आणि शेळ्यांपासून राखणे, एवढेच काम. त्यासाठी आठवड्याच्या पाळ्या लावल्या तर कोणावरही भार पडणार नाही. माझे नाव पहिल्या आठवड्याला लिहावे.

मंडळाच्या सर्व भगिनींना उत्तम आरोग्य लाभो आणि मंडळाची अशीच भरभराट होवो, ही श्रीमोरयाच्या चरणी प्रार्थना.